प्लॅटी मासे घरी पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅटी देताना दुकानदार हमखास सांगतो, ‘एकदम चिवट मासा आहे, काही होत नाही.’ ते खरं आहे, पण जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असलेल्या पाण्यात. मऊ पाण्यात हाच मासा दोन-तीन महिने बरा दिसतो आणि मग एकेक करून सगळे जातात. पाळणारा बिचारा औषधं टाकत बसतो. म्हणून या पानावर पाण्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहिलं आहे. घाईत असाल तर तेवढं तरी वाचा.

प्लॅटी मूळचा कुठला?

मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागापासून बेलीझ-ग्वाटेमालाच्या बाजूला उतरणाऱ्या सखल प्रदेशातला. ओहोळ, पाट, डबकी, पाणवनस्पतींनी भरलेले काठ, असं याचं घर. तिथलं पाणी बरेच ठिकाणी चुनखडीतून येतं, म्हणजे जड आणि किंचित अल्कधर्मी.

१८६६ मध्ये ग्युंथर या शास्त्रज्ञाने याचं वर्णन केलं आणि ‘प्लॅटिपीसिलस मॅक्युलेटस’ असं नाव दिलं. पुढे तो स्वोर्डटेल या माश्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेला आणि ‘झिफोफोरस मॅक्युलेटस’ झाला, पण जुन्या नावाचा सुरुवातीचा तुकडा ‘प्लॅटी’ म्हणून बाजारात राहिला. ‘व्हेरिएटस’ ही त्याची जवळची जात. ती थोडी लांबट असते आणि थंडी जास्त सोसते. दुकानातले बहुतेक मासे या दोन्हींचे आणि स्वोर्डटेलचे मिश्र वंशज असतात.

मिकी माऊस, वॅगटेल, सनसेट, टक्सेडो या वेगळ्या जाती आहेत का?

नाही, हे फक्त रंगाचे प्रकार. शेपटीच्या बुडाशी एक मोठा आणि दोन लहान काळे ठिपके असले की मिकी माऊस, सगळे पर काळे असले की वॅगटेल. निगा सगळ्यांची सारखीच. ‘बलून’ प्रकार मात्र घेऊ नका. तो गोल आकार मुद्दाम टिकवलेल्या वाकड्या कण्यामुळे येतो. अशा माश्याला पोहायला त्रास होतो आणि पिल्लं होताना माद्या अडतात.

माझ्या घरचं पाणी प्लॅटीला चालेल का?

प्लॅटीला पीएच ७ ते ८.२ आणि एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, १० अंशांच्या वर लागतो. २५ पर्यंत गेला तरी तक्रार नसते. केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा कठीणपणा, किमान ५ असावा, म्हणजे पीएच जागेवर राहतो.

मीटर-किट नसलं तरी अंदाज स्वयंपाकघरात बांधता येतो. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजायला वेळ लागतो, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, बादलीच्या काठावर चुन्यासारखी रेघ उमटते? मग तुमचं पाणी जड आहे. शाळेत ‘दुष्फेन’ म्हणून शिकलो तेच. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर, विदर्भाचा बराच भाग, इथलं बोअरचं पाणी बेसॉल्टच्या फटींतून येतं आणि सहसा जड असतं. प्यायला मचूळ, पण प्लॅटीला पंचपक्वान्न.

उलट मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं आणि पुण्याला खडकवासल्याचं. हे साठवलेलं पावसाचं पाणी, म्हणजे मऊ. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी तर मऊ आणि वर किंचित आम्लधर्मी. तिथे प्लॅटी पाळायचे तर पाण्यात खनिजं घालावी लागतात.

फक्त टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकच आकडा देतो, कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे सांगत नाही. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर हाच घोटाळा होतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. मीटर ६०० दाखवतो, आपल्याला वाटतं पाणी छान जड आहे, आणि जीएच प्रत्यक्षात शून्याच्या आसपास असतो. अशा घरी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. जीएच-केएचचं थेंबांचं किट एकदा विकत घेतलं की वर्षभर पुरतं. कागदी पट्ट्या स्वस्त, पण आपल्या दमट हवेत डबी दोन-चारदा उघडली की रंग खोटे दाखवायला लागतात.

पाणी मऊ असेल तर जड कसं करायचं?

सगळ्यात सोपा आणि जवळजवळ फुकट उपाय म्हणजे तिसऱ्यांचे शिंपले. कालवण झालं की टरफलं फेकू नका. ब्रशने घासा, आतला मांसाचा तुकडा आणि बिजागरीचा काळा धागा नखाने खरवडून काढा, १५-२० मिनिटं उकळा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि नाकाजवळ धरून पाहा. वास आला तर पुन्हा उकळा. मग फडक्यात गुंडाळून बत्त्याने जाडसर फोडा आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये किंवा फिल्टरच्या धारेखाली ठेवा. २ फुटी टाकीला दोन-तीन मुठी पुरतात. मांसाहार नसेल तर दुकानात कोरलचा चुरा मिळतो, संगमरवराची खडीही चालते. दगडावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो उपयोगाचा.

या पद्धतीत चूक व्हायची भीती कमी. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की शिंपले जास्त विरघळतात, अल्कधर्मी झालं की थांबतात. मात्र काम सावकाश होतं. आकडा हलायला एक-दोन आठवडे लागतात.

लवकर हवं असेल तर मोजून क्षार घाला. ४५ लिटर पाण्यात २ ग्रॅम एप्सम सॉल्टने जीएच साधारण १ अंश चढतो, आणि १.३ ग्रॅम खायच्या सोड्याने केएच साधारण १ अंश. एप्समने फक्त मॅग्नेशियम मिळतं, म्हणून कॅल्शियमसाठी शिंपले हवेतच. क्षार आधी मगभर पाण्यात विरघळवा, मग टाकीत घाला. दिवसाला १-२ अंशांपेक्षा जास्त चढवू नका. एकदम बदललेलं ‘चांगलं’ पाणीसुद्धा माश्याला झटका देतं.

फिल्टरचं शुद्ध आरओ पाणी दिलं तर?

देऊ नका. आरओ ज्या खनिजांना बाहेर काढतो तीच प्लॅटीला हवी असतात. त्याचा एकच चांगला उपयोग आहे. बोअरच्या पाण्याच्या टाकीत बाष्पीभवनाने पातळी उतरली की तेवढी भर आरओच्या पाण्याने घाला. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात. दर वेळी बोअरच्याच पाण्याची भर घातली तर उन्हाळ्याअखेर टाकीत खारवण तयार होतं.

टाकी केवढी लागेल आणि त्यात किती मासे?

२ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. काठोकाठ ५६ लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी ४५ लिटरच्या आसपास. यात मोठे प्लॅटी ६. त्याहून जास्त नकोत, कारण पिल्लांची भर आपोआप पडणार आहे. गोल काचेच्या बाऊलमध्ये प्लॅटी ठेवू नयेत. तिथे पृष्ठभाग कमी, फिल्टर नाही आणि उन्हाळ्यात पाणी तासाभरात तापतं.

भरलेली टाकी ६५-७० किलोंच्या घरात जाते, म्हणून टीव्हीच्या युनिटवर नको. काचेखाली थर्माकोलची शीट घाला. तळाला ३ सेंटिमीटर थर हवा असेल तर ८ किलो बारीक खडी लागते. बादलीत चोळून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. झाकण हवंच, प्लॅटी उडी मारतात.

फिल्टर कोणता?

एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर. स्वस्त, दुरुस्तीला काही नाही, आणि पिल्लं ओढली जात नाहीत. आतला पॉवर फिल्टर वापरायचा असेल तर ताशी २००-२५० लिटरचा पुरे, आणि त्याच्या तोंडाला स्पंज बांधा.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाइट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं येतं, पंप जळतो आणि फरशीवर तळं होतं.

टाकी भरली. मासे उद्या आणू का?

नाही. ४ ते ६ आठवडे थांबा. हे ऐकून निम्मे लोक नाराज होतात, पण नव्या टाकीतली मरतूक बहुतेक इथूनच सुरू होते.

माश्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि वस्ती जमायला वेळ लागतो. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माश्यांचं खाद्य टाका, ते कुजू द्या. अमोनिया वर जाऊन शून्यावर आला, मग नायट्राइटही चढून शून्यावर आलं, की टाकी तयार. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम दहा-बारा दिवसांत होतं. स्पंज ओलाच आणा.

इथेही पाण्याचा संबंध येतो. पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, म्हणजे मऊ पाण्यात टाकी तयार व्हायला वेळ लागतो. आणि जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. बोअरचं पाणी आहे म्हणून टाकी गच्च भरली तर तेही अंगाशी येतं.

मासे घेताना काय पाहू, आणि घरी आणून टाकीत कसे सोडू?

पर पसरलेले, पोट आत न गेलेलं, पोहण्यात चपळपणा. एका टाकीत एक जरी मेलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काही घेऊ नका. मासा कोणत्या पाण्यात आहे तेही विचारा. मुंबई-पुण्याच्या दुकानांत बराच माल चेन्नईच्या कोळत्तूरकडून किंवा कोलकात्याहून येतो. प्रवास आणि पाण्यातला बदल दोन्ही त्याने सोसलेलं असतं. दुकानात येऊन आठवडा झालेला मासा घेतलेला बरा.

पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग दर ५ मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत घाला, पाऊण तास. मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. आधीपासून मासे असतील तर नवे मासे २ ते ३ आठवडे वेगळ्या २०-२५ लिटरच्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवा. हा कंटाळा केला की पुढचे रोगांचे प्रश्न वाचायची वेळ येते.

खायला काय आणि किती?

दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. प्लॅटीला खरं जठर नसतं. निसर्गात तो दिवसभर शेवाळ कुरतडत राहतो, त्यामुळे एकदम ढीग टाकला की न पचताच बाहेर येतो. रोजचं खाद्य स्पिरुलिना असलेलं फ्लेक घ्या. आठवड्यातून दोनदा भाजी द्या: पालकाचं पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून, काकडीची चकती, किंवा साल काढून चुरडलेला उकडलेला मटार. एकदा गोठवलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) किंवा डासांच्या अळ्या. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) टाळा, ते गटाराच्या गाळात वाढतं आणि रोग बरोबर घेऊन येतं.

पाव, भात, बिस्किटं, मुरमुरे अजिबात नको. खाद्याची डबी पावसाळ्यात लवकर सादळते. मोठ्या डबीतलं थोडंसं छोट्या बाटलीत काढून वापरा, बाकी घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये.

गावी आठवडाभर जायचं असेल तर मोठ्या माश्यांना काही न देता जा. शेजारच्यांना डबी देऊन जाल तर बहुतेक वेळा ते प्रेमापोटी महिन्याचं खाद्य चार दिवसांत घालतात. द्यायचंच असेल तर रोजच्या पुड्या बांधून द्या.

पाणी कधी आणि कसं बदलायचं?

दर आठवड्याला पाव भाग, म्हणजे २ फुटी टाकीत साधारण ११-१२ लिटर. सायफनच्या नळीने खडीचा एका वेळी अर्धाच भाग उपसून घ्या, उरलेला पुढच्या आठवड्यात. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतील. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस खूश होते.

नगरपालिकेचं पाणी बादलीत २४ तास ठेवा आणि एअर स्टोन सोडा, क्लोरीन उडून जातो. वेळ नसेल तर अँटी-क्लोरीन, बाटलीवरच्या मापाने. पावसाळ्यात गढूळपणामुळे नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवलेला असतो, तेव्हा नाकाला वास येतोच. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवलेलं पाणी टाकीत घालू नका. तुरटी केएच खाते आणि पीएच खाली खेचते.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गंमत होते. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. तेच थेट टाकीत गेलं तर मासे संपले. पहाटे भरलेली बादली वापरा. टाकी आणि बादलीत २ अंशांहून जास्त फरक नको.

उन्हाळ्यात पाणी तापतं. काय करू?

प्लॅटीला २२ ते २६ अंश सेल्सिअस आवडतं. ३० च्या वर पाण्यात प्राणवायू कमी होतो, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. झाकणाऐवजी जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत याने ३-४ अंश उतरतात. रत्नागिरीत दमटपणामुळे एखाद-दुसराच उतरतो. तिथे पाण्याची बाटली गोठवून टाकीत तरंगत ठेवा, पण एका वेळी एकच. दिवे दुपारी बंद, हवा मात्र दिवस-रात्र चालू.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

मुंबईत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत ५० वॉटचा पुरतो. नाशिक-निफाडकडे पहाटे पारा फारच खाली जातो, तिथे ७५ ते १०० वॉट. पाणी बदलताना हीटर आधी बंद करा, १५ मिनिटांनी पाणी काढा. तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते.

लाइट चार-पाच तास गेली तर?

मासे कमी असतील तर काही होत नाही. खायला घालू नका. मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, दर अर्ध्या तासाने दहा-बारा वेळा. नेहमीच लाइट जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि तो बरेच तास बंद राहिला असेल तर धुतल्याशिवाय चालू करू नका, आत साचलेलं कुजकं पाणी टाकीत येतं.

नर-मादी कसे ओळखायचे?

पोटाखालचा, गुदाजवळचा पर पाहा. मादीचा पंख्यासारखा, नराचा काडीसारखा टोकदार. मादी ६ सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर ४ च्या आसपास राहतो. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला जेरीस आणतात. पिल्लांची कटकट नको असेल तर सहाही नर घ्या. थोडी पळापळ करतील, पण निभतं.

घरी एकच मादी आहे, नर नाही. तरी पिल्लं कशी झाली?

मादी नराचं बीज पोटात काही महिने साठवून ठेवते. एका मीलनावर ती पुन:पुन्हा पिल्लं देऊ शकते. दुकानातून आलेली प्रत्येक मोठी मादी गाभण आहे असंच धरून चाला.

गाभण मादी ओळखायची कशी, आणि पिल्लं कशी वाचवायची?

पोट समोरून पाहिलं तर चौकोनी वाटायला लागलं की दिवस भरत आले. गप्पीसारखा काळा डाग रंगीत प्लॅटीत बरेचदा दिसत नाही. साधारण २४ ते ३० दिवसांनी २० ते ४० पिल्लं, मोठ्या मादीला जास्तही. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं, जेमतेम ७-८ मिलिमीटरची. आईसकट सगळे मोठे मासे त्यांना खायला टपलेले असतात.

दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा प्रसूती डबा आम्हाला पसंत नाही. मादीला त्यात चार-चार दिवस कोंडलं की ती घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीचा एक कोपरा हॉर्नवर्ट, नाजस किंवा जावा मॉस अशा पाणवनस्पतींनी गच्च भरा. लपलेली आठ-दहा जगतातच आणि घरच्या टाकीला तेवढी पुष्कळ झाली.

सगळी वाढवायची असतील तर वेगळी टाकी हवी. पहिला आठवडा दिवसातून तीन-चारदा थोडं-थोडं द्या. फ्लेक दोन बोटांत चोळून पिठासारखं करा. उकडलेल्या अंड्याचा बलक मसुराच्या दाण्याएवढा घ्या, मलमलच्या फडक्यात बांधून वाटीभर पाण्यात हलवा. दुधाळ झालेलं ते पाणी चमच्याने सोडा. जास्त झालं तर तासाभरात पाण्याला वास येतो. सगळ्यात चांगलं म्हणजे घरी उबवलेले ब्राइन श्रिम्प: १ लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, पाव चमचा अंडी, २७-२८ अंश आणि जोरदार हवा. २४ ते ३६ तासांत नारिंगी ढग तयार होतो. गाळून, गोड्या पाण्यात विसळून द्या.

एका विणीत सगळी पिल्लं नरच निघाली. असं होतं का?

होतं. प्लॅटीत लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन नाही, तीन प्रकारची आहेत: डब्ल्यू, एक्स आणि वाय. एक्सएक्स मादी आणि वायवाय नर यांची जोडी जमली तर सगळी संतती नर. तुमची चूक नाही.

पिल्लं फार झाली. तलावात सोडू का?

नको. विहीर, तलाव, नाला, कुठेही नको. परका मासा स्थानिक माश्यांचं अन्न आणि जागा घेतो, आणि टाकीतले रोग बाहेर नेतो. हिवताप विभाग डासांसाठी गप्पी सोडतो म्हणून आपणही प्लॅटी सोडावेत असं होत नाही. दुकानदार बहुधा खाद्याच्या बदल्यात पिल्लं घेतो. तीन-चार महिन्यांत तीच पिल्लं पुन्हा पिल्लं द्यायला लागतात, म्हणून नर-मादी दिसायला लागल्याबरोबर वेगळे करा.

बरोबर कोणते मासे ठेवू?

मोली, स्वोर्डटेल, गप्पी. सगळ्यांना जड पाणी चालतं. स्वोर्डटेलशी संकर होतो, शुद्ध रंग हवे असतील तर नको. टायगर बार्ब पर कुरतडतो, एंजल पिल्लं गिळतो, गोल्डफिश घाण फार करतो. आणि ‘टाकी साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा फूटभराच्या पुढे वाढतो. त्याला २ फुटी टाकीत ठेवणं म्हणजे बाथरूममध्ये रेडा बांधणं.

मासा एका जागी थरथर डुलतोय, पुढे सरकत नाही. कोणता रोग?

बहुधा रोग नाही, पाणी. पर मिटलेले, अंग सापासारखं डोलतं, मासा तिथल्या तिथे. मऊ पाण्यातल्या प्लॅटीची ही नेहमीची खूण. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खर्च होतो. मुंबईसारख्या पाण्यात तो मुळातच थोडा असतो. दोन-तीन महिन्यांत संपतो आणि पीएच घसरतो. म्हणूनच ‘इतके दिवस तर ठीक होते’ असं सगळे म्हणतात.

पीएच, केएच, जीएच आणि अमोनिया मोजा. रोज पाचवा भाग पाणी बदला, नव्या पाण्यात वर दिल्याप्रमाणे क्षार घालून. शिंपल्यांची पिशवी लावा. आठवड्यात फरक दिसतो. पीएच फार खाली असताना अमोनियाही साठलेला असू शकतो. एकदम सोडा टाकून पीएच उडवला तर तोच अमोनिया विष बनतो, म्हणून घाई नको.

अंगावर पांढरं काहीतरी दिसतंय.

आधी नीट पाहा, कारण दोन रोगांचे उपाय उलट आहेत. रवा भुरभुरल्यासारखे सुटे, उठलेले कण असतील तर तो इक नावाचा परजीवी. तापमान दोन दिवसांत हळूहळू २८-२९ अंशांवर न्या, हवा वाढवा. लिटरला २ ग्रॅम मीठ, म्हणजे ४५ लिटरला ९० ग्रॅम, तीन भागांत दीड दिवसात घाला. परजीवी अंगावर असताना औषध त्याला लागत नाही, तो पाण्यात सुटा झाला की मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी एकूण १० ते १४ दिवस उपचार चालू ठेवा.

तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसाचा पांढरट थर असेल तर तो बहुधा कॉलम्नॅरिस, जिवाणूंचा रोग. उष्णतेत तो भराभर पसरतो. इक समजून हीटर वाढवलात तर दोन दिवसांत टाकी रिकामी. मासा वेगळा करा, पाणी २४ अंशांच्या आसपास ठेवा, प्रतिजैविक पशुवैद्याला विचारून द्या.

दुकानातलं निळं औषध मुख्य टाकीत ओतू नका. फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं.

गुदातून लाल दोऱ्यासारखं बाहेर येतंय.

कॅमॅलॅनस जंत. मासा स्थिर असताना दोन-तीन लाल टोकं दिसतात, हलला की आत जातात. मीठ, उष्णता यांचा उपयोग नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानात लेव्हामिसोल मिळतं. लिटरला २ मिलिग्रॅम, मूळ औषधाचं वजन धरून, संपूर्ण टाकीला. दिवे बंद, २४ तास. औषध जंतांना मारण्याऐवजी लुळं करतं, मासा ते बाहेर टाकतो. म्हणून नंतर तळ नीट उपसून अर्धं पाणी बदलणं औषधाइतकंच गरजेचं. २-३ आठवड्यांनी पुन्हा एकदा.

काळा डाग वाढत जाऊन गाठ झाली आहे. इतरांना लागेल का?

लागणार नाही. प्लॅटी-स्वोर्डटेलच्या काही संकरांत काळ्या रंगाच्या पेशी आवरत नाहीत आणि त्वचेचा कर्करोग होतो. १९२० च्या दशकात हे लक्षात आलं आणि तेव्हापासून कर्करोगाच्या अभ्यासात हा मासा आहे. मायरन गॉर्डन यांनी १९३९ मध्ये सुरू केलेला या माश्यांचा संग्रह आज टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, आणि प्लॅटीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी यावर उपाय नाही. त्या माश्याची पिल्लं पुढे वाढवू नका.

टाकीत कायम मीठ घालावं का?

नाही. प्लॅटी सोसतो, पण झाडं सोसत नाहीत, आणि मिठाने जीएच वाढत नाही. मीठ हे औषध, शिंपले हा आहार.

घरात पेस्ट कंट्रोल आहे. टाकीवर कापड टाकलं की झालं?

नाही झालं. झुरळांच्या आणि डासांच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड माणसापेक्षा माश्याला कितीतरी जास्त घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. लांब नळी जोडून पंप फवारणी नसलेल्या खोलीत ठेवा, टाकी ओल्या चादरीने झाका, कडा चिकटपट्टीने बंद करा. फवारणीनंतर खिडक्या उघडून किमान चार-पाच तासांनी चादर काढा. रोजची डासांची कॉइल किंवा मशीनही टाकीच्या खोलीत नको. हाताला साबण, सॅनिटायझर किंवा ओडोमॉस लागलं असेल तर तो हात पाण्यात घालू नका.

प्लॅटी जगतो किती?

२ ते ३ वर्षं, चांगल्या पाण्यात कधी चारही. दुकानात येतो तेव्हा तो चार-सहा महिन्यांचा असतो. दोन वर्षांच्या माश्याचा कणा थोडा वाकला, रंग फिका पडला, तर ते म्हातारपण. औषध टाकू नका, खाद्य बारीक करून द्या.